कोचला नारळ द्यायचाय ना, मग नीट द्या

एका ओळखीच्या बास्केटबॉल कोचसरांना नोकरी गेल्याचं कळलं ते कसं, तर रात्री टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून कुणीतरी त्यांना काढून टाकलं. सकाळी सहाला पोरं कोर्टवर वॉर्मअप करतायत, सर गेटवर स्कूटर घेऊन उभे, आणि चौकीदार खाली बघत म्हणतोय, "सर, ऊपर से मना है." पत्र आलं त्यानंतर चार दिवसांनी. कॉलेजचं नाव सांगत नाही, पण हे आमच्या ग्वाल्हेरातलं आहे. ज्या गावात १९५७ पासून लक्ष्मीबाईच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था देशभरासाठी पीटी टीचर आणि कोच घडवतेय, त्या गावातलं.

कोचला काढूच नये असं माझं म्हणणं नाही. काढा. फक्त कसं काढायचं ते क्रीडा विभाग आणि रजिस्ट्रार ऑफिसमधल्या मंडळींनी आधी नीट ठरवा.

सगळ्यात आधी खरं कारण काय ते बंद खोलीत ठरवून घ्या. टीम हरतेय म्हणून काढताय, की माणूस वाईट वागला म्हणून? ह्या दोन गोष्टींची खिचडी केली की वाट लागते. अमेरिकेत कनेक्टिकट युनिव्हर्सिटीनं त्यांचा बास्केटबॉल कोच केव्हिन ऑलीला २०१८ मध्ये काढलं. ह्याच माणसानं २०१४ मध्ये त्यांना नॅशनल टायटल जिंकून दिलं होतं, नंतर टीम घसरली. पण काढताना कारण लावलं नियमभंगाचं, म्हणजे उरलेल्या कॉन्ट्रॅक्टचे पैसे द्यायला नकोत. प्रकरण लवादाकडे गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागला की काढणं चुकीचं होतं, १ कोटी १० लाख डॉलरच्या वर रक्कम द्या.

आपल्याकडे कोटींचा प्रश्न नाही, आपला कोच बहुतेक वेळा मानधनावर नाहीतर ठरावीक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवर असतो, मुदत संपली की साधं पत्र देता येतं की पुढे वाढवत नाही, बस. पण लोकांना राहवत नाही, पत्रात "अनुशासनहीनता" वगैरे घुसडतात. सरकारी विद्यापीठ असेल आणि चौकशी न करता असा डाग लावला, तर तो आदेश कोर्टात टिकणं कठीण, सुप्रीम कोर्टानं हे अनेकदा सांगितलंय. आणि हायकोर्टाचं खंडपीठ इथेच गावात आहे, कोचसरांना लांब जायची पण गरज नाही.

आता हरण्याबद्दल. काढण्याआधी तुम्ही त्याला काय दिलं होतं तेही एकदा कागदावर लिहा. बॉल किती, कोर्टचे लाइट चालू होते का, डायटचे पैसे वेळेवर गेले का, झोनल टूर्नामेंटला टीम रिझर्वेशननं गेली की जनरल डब्यात पेपर अंथरून. अमेरिकेतल्याच ड्यूक युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल कोचचा, माइक शेशेव्स्कीचा रेकॉर्ड बघा, १९८० मध्ये आला, पहिल्या तीन सीझनमध्ये ३८ मॅच जिंकला आणि ४७ हरला, लोक हटवा हटवा म्हणून मागे लागलेले. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे तिथला क्रीडा विभागप्रमुख, टॉम बटर्सनं १९८४ मध्ये उलट त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं. पुढे पाच टायटल, २०२२ मध्ये रिटायर झाला. प्रत्येक हरणारा कोच शेशेव्स्की नसतो हे मलाही कळतं, पण दोन सीझनमध्ये निकाल मागायचा असेल तर नेमणुकीच्या वेळीच तसं लिहून द्यायचं होतं.

वागण्याचा मामला असेल तर मात्र सगळं उलट. तिथे सीझन संपायची वाट बघायची नाही. खेळाडूला मारलं, शिव्या दिल्या, मुलींशी गैरवागणूक केली अशी तक्रार आली की त्याच दिवशी त्याला कोर्टपासून लांब ठेवा, चौकशीपुरतं, शिक्षा म्हणून नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जाईल, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि त्यात क्रीडा विभागानं "आपसात मिटवून घ्या ना" म्हणत नाक खुपसायचं नाही. अमेरिकेतल्या रटगर्स युनिव्हर्सिटीत बास्केटबॉल कोच माइक राइस खेळाडूंना ढकलायचा, अंगावर बॉल फेकून मारायचा, त्याचा व्हिडिओ वरच्यांनी २०१२ मध्येच बघितला होता. तेव्हा तीन मॅचची बंदी आणि दंड करून भागवलं. एप्रिल २०१३ मध्ये तोच व्हिडिओ टीव्हीवर आला, दुसऱ्या दिवशी कोच गेला आणि पाठोपाठ अ‍ॅथलेटिक डायरेक्टरलाही राजीनामा द्यावा लागला.

सांगायचं कसं? ज्यानं नेमलं त्यानं समोर बसवून सांगायचं, दार बंद करून, पत्र हातात देऊन. क्लार्ककरवी नाही, फोनवर नाही, कोर्टवर पोरांसमोर तर अजिबात नाही. पंधरा मिनिटं पुरतात. फार गोड बोलू नका, "आप तो परिवार के हैं" हे त्या दिवशी ऐकवण्यासारखं वाक्य नाही. आणि "तुम्हीच राजीनामा द्या ना सर, बरं दिसेल" असा आग्रह करायचा असेल तर राजीनाम्यानं त्यांचं काय नुकसान होतं तेही सांगा, घरी जाऊन विचार करू द्या. ग्रुपमधून काढणं, किल्ली घेणं, हे सगळं ह्या भेटीनंतर.

पैशाचं जरा बारकाईनं बघा, कारण सगळ्यात जास्त कटुता इथे होते. आपल्याकडे कोच टूर्नामेंटला खिशातून खर्च करतो, पोरांचं जेवण, कुणाचा पाय मुरगळला तर क्रेप बँडेज, रिक्षा, आणि बिलं महिनोन्‌महिने अकाउंट्समध्ये पडलेली असतात. माणूस गेला की ती बिलं कायमची गेली. म्हणून स्टोअरचं रजिस्टर दोघांनी मिळून टॅली करा, बॉल, बिब, पंप, नेट, सगळं, खाली दोघांच्या सह्या, आणि त्याच बैठकीत त्याची बिलं मंजूर करा. शेवटच्या महिन्याचं मानधन "नो ड्यूज आणा मग बघू" करत लटकवायचं नाही. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ३० दिवसांत, पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख लगेच भरा, नाहीतर तो बिचारा पुढे पैसे काढायला चकरा मारत बसतो. अनुभव प्रमाणपत्र पत्रासोबतच.

मग खेळाडू. कोचला सांगितलं की तासाभरात सगळ्यांना एकत्र बोलवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत महाराज बाड्यावर भलतीच स्टोरी फिरत असेल. वागण्याची भानगड नसेल तर सरांना पोरांना भेटू द्या, एक शेवटची प्रॅक्टिस घेऊ दे म्हणाले तर घेऊ द्या, काय बिघडतं? आणि सरांच्या शब्दावर जी पोरं स्पोर्ट्स कोट्यात आली, ज्यांना हॉस्टेल, फीमाफी कबूल केलं होतं, त्यांची यादी करून त्यांना लेखी कळवा की ते कायम आहे. अमेरिकेत कोच बदलला की खेळाडूंना दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायची वेगळी मुभा मिळते, आपली पोरं कुठे जाणार.

बाहेर सांगायचं ते दोन ओळींत. किती वर्षं होते, आता नाहीत, टीम कोण सांभाळणार. परस्पर संमती नव्हती तर तसं छापायचं नाही. आणि भिंतीवरचा जिंकलेल्या टीमचा फोटो काढायचा नाही, त्यात ते मधोमध उभे असले तरी. अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीनं बास्केटबॉल कोच बॉबी नाइटला २००० मध्ये काढलं, ते बरोबरच होतं असं माझं मत, पण त्यानं जिंकलेली तीन टायटल काही खोटी झाली नाहीत. तो स्वतः रुसून बसला, त्या कोर्टवर परत पाय ठेवला तो २०२० मध्ये.

पुढे कधीतरी दुसऱ्या कॉलेजातून फोन येईल, "सर कसे होते?" पत्रात जे लिहिलंय तेवढंच सांगा. हरले म्हणून काढलं होतं तर तसंच म्हणा, आवाज खाली करून "समझ जाइए" करू नका. आणि पोरांना मारलं म्हणून काढलं असेल, चौकशीत सिद्ध झालं असेल, तर तेही सांगा, तिथेही पोरंच आहेत.