आधी पगारातील तफावत मिटवा, मग कौतुक करा

पगारवाढ देऊनही माणसे नाराज का राहतात, असा प्रश्न ज्या व्यवस्थापकाला पडतो, त्याने रकमेआधी पगारांमधील तफावत तपासावी. मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, माणूस आपले कष्ट आणि मोबदला यांचा मेळ सहकाऱ्याच्या कष्टांशी आणि मोबदल्याशी ताडून पाहतो, आणि त्यात अन्याय दिसला की कामात हात आखडता घेतो.

म्हणून सुरुवात एका साध्या तक्त्याने करावी. सारखे काम करणाऱ्यांची नावे एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे जबाबदारी, अनुभव, रुजू होतानाचा पगार आणि आजचा पगार नोंदवावा. खरी मेख पुष्कळदा येथेच सापडते: नुकत्याच आलेल्या माणसाला, त्याला काम शिकवणाऱ्या जुन्या सहकाऱ्यापेक्षा जास्त पगार असतो. हा फरक कोणी मागण्याची वाट न पाहता भरून काढावा, कारण राजीनामा पुढे केल्यावरच वाढ मिळते असे एकदा दिसले की बाकीचेही तोच मार्ग धरतात. जेथे फरकाला सबळ कारण आहे, तेथे ते लेखी सांगावे. पगार गुप्त ठेवणे हा उपाय मला तरी पटत नाही. आकडे कधी ना कधी बाहेर येतातच. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांवरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहकाऱ्यांचे पगार कोठे पाहता येतात हे कळवल्यानंतर आपल्या गटातील मधल्या पगारापेक्षा कमी पगार असलेल्यांचे समाधान घटले, जास्त पगारवाल्यांचे मात्र वाढले नाही.

हे झाल्यावरच कौतुकाकडे वळावे. तुटपुंज्या पगाराची भरपाई प्रशस्तिपत्रकाने करू पाहणे हा माणसांचा अपमान आहे. कौतुक नेमके आणि वेळेवर असावे. “छान काम केलेत” याऐवजी “बिलात दोनदा लागलेली रक्कम तुम्ही ते पाठवण्याआधीच पकडलीत, म्हणून ग्राहकाची तक्रार टळली” असे म्हणावे. ज्याने अहवाल तयार केला, त्याचे नाव वरिष्ठांकडे जाणाऱ्या प्रतीवर असावे. चारचौघांत कौतुक झालेले काहींना अवघड वाटते, त्यांना ते एकांतात सांगावे.

बिघाड होऊच न देणाऱ्यांचे काम सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. पगारवाढीच्या बैठकीपूर्वी तोच तक्ता पुन्हा उघडून, वर्षभरात ज्यांचा एकदाही उल्लेख झाला नाही अशा नावांपुढे खूण करावी आणि त्यांच्या कामाची चौकशी आधी करावी.