घरातल्या डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) इतिहास कसा लिहून काढावा

‘आजीला होतं, म्हणजे मलाही होणार’ या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. त्यांना हवं असतं ते वय: विसरणं सुरू झालं तेव्हा आजी किती वर्षांची होती?

१. आई-वडील, भावंडं, चारही आजी-आजोबा, काका-आत्या-मामा-मावश्या मांडा. आईकडचे वेगळे, वडिलांकडचे वेगळे. ज्यांना काही झालं नाही तेही किती वर्षं जगले ते लिहा. पन्नाशीत अपघातात गेलेल्या माणसाला ‘निरोगी’ धरू नका. त्याच्यावर ती वेळ आलीच नाही.

२. सुरुवातीचं वय काढा. सगळी गफलत इथेच होते. लोक निदानाचं वय लिहितात, आणि निदान तर बऱ्याचदा काही वर्षं उशिरा झालेलं असतं. मृत्यूच्या दाखल्यावर नुसता ‘न्यूमोनिया’ असू शकतो. आणि ‘कधीपासून विसरायला लागली?’ असं विचारलंत तर ‘वय झालं होतं’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

म्हणून विसरण्याबद्दल विचारूच नका, कामांबद्दल विचारा, तेही घरातल्या ठळक प्रसंगाला धरून. धाकट्या मुलीच्या लग्नात पैशांचा हिशेब कोणाकडे होता? पहिलं नातवंड झालं तेव्हा ती एकटी बाहेर जाऊन नीट परत यायची का? समजा जन्म १९३८चा. १९९६च्या लग्नात हिशेब तिच्याच हातात, २००१मध्ये मात्र तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा. म्हणजे सुरुवात ५८ ते ६३च्या दरम्यान. निदान ६८व्या वर्षी झालं म्हणून ६८ लिहिलं असतं, तर ६५च्या आत सुरू झालेला आजार ‘म्हातारपणाचा’ ठरला असता. घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की मोठ्याचं उत्तर सगळे उचलतात.

३. आधी काय बिघडलं तेही लिहा: स्मृती, स्वभाव, बोलणं, की पक्षाघातानंतर एकदम घसरण? तापात किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवस झालेला गोंधळ म्हणजे डिमेन्शिया नव्हे. बी-१२ची कमतरता आणि थायरॉइडही असंच चित्र उभं करतात.

४. आता कागद वाचा. ऐंशीनंतर आजार सुरू झालेली एकच आजी असेल, तर तुमचा धोका थोडासाच वाढतो. एकाच बाजूला, पिढ्यान्‌पिढ्या, ६५च्या आत सुरू झालेलं दिसलं, तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक गाठा. एपीपी, प्रेसेनिलिन-१ किंवा प्रेसेनिलिन-२ या जनुकांत दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. अल्झायमरच्या (डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या) एकूण रुग्णांत अशी घराणी एक टक्क्याहूनही कमी. एपीओई-४ या जनुकप्रकाराची गोष्ट वेगळी: तो धोका वाढवतो, पण असलेल्या अनेकांना आजार होत नाही आणि नसलेल्यांना होतो. समुपदेशनाशिवाय ही तपासणी घरबसल्या मागवू नका. भीती तेवढी हातात येते.

५. शेवटचा रकाना स्वतःचा: रक्तदाब, मधुमेह, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), वजन, तंबाखू, दारू, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, नजर, कान. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये बदलता येण्याजोगे १४ घटक मोजले, जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडलेले आहेत. चाळिशीपासून वरचा रक्तदाब १३०च्या आसपास किंवा खाली हवा. टीव्हीचा आवाज मोठा ठेवता अशी घरच्यांची तक्रार असेल, तर श्रवणचाचणी याच महिन्यात करून घ्या आणि तिचा अहवाल याच कागदाला जोडा.