मुलांसाठी ॲप स्पर्धेत उतरताय? आधी वह्या मागवा

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शैक्षणिक ॲप करायची स्पर्धा लागली, की बहुतेक संघ पहिल्या दिवशी लोगो काढायला बसतात. दुसऱ्या दिवशी ठरतं, सहावीचं अख्खं गणित ॲपमध्ये घालायचं. कृपा करून हे करू नका. अख्खं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतं. तेच बटणांमागे ठेवलं म्हणून मुलाला जास्त काही कळत नाही.

नियमपत्रक वाचा: वयोगट, भाषा, व्हिडिओची लांबी, तयार चित्रं आणि आवाज चालतात का. ते झालं की शाळेतून तपासलेल्या वह्या मागवा.

एक चूक निवडा

वह्यांत विषय शोधू नका, चूक शोधा. बऱ्याच मुलांची सारखीच होणारी, आणि समजावून सांगितल्यावर आठ दिवसांनी पुन्हा होणारी. ॲप त्या एका चुकीसाठी करायचं.

आम्हाला आमची चूक पावसाळ्यात सापडली. जुलै उजाडला की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते, पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथं लहान पोरालाही पाठ असतं. प्रयाग चिखली, आंबेवाडी या पुराच्या गावांकडच्या मुलांना तर त्या आकड्यावर घर सोडायचं की नाही हे ठरताना दिसतं. पातळी सांगतात फूट-इंचांत. मुलं वहीत ४२ फूट ९ इंच हे ४२.९ असं लिहितात. मग धोका पातळीला किती उरलं? ४३ वजा ४२.९, म्हणजे ०.१, म्हणजे एक इंच! खरं तर उरलेत तीन इंच, म्हणजे पाव फूट, ०.२५. फुटाचे भाग बारा आणि दशांशाचे दहा, एवढी एक गोष्ट मनात बसलेली नसते. आमचं ॲप एवढ्यावरच उभं राहिलं.

बांधणी

ॲप बनवायला एमआयटी ॲप इन्व्हेंटर हे साधन पुरेसं आहे. ब्राउझरमध्ये चालतं, ठोकळे जोडून काम होतं, आणि त्याचंच ‘एआय२ कंपॅनियन’ हे ॲप फोनवर लावलं की केलेला बदल लगेच फोनवर दिसतो. ॲपचे पडदे, म्हणजे स्क्रीन, आधी कागदावर काढा. तीन पडद्यांच्या वर गेलात तर काहीतरी गाळा.

मुलांपुढे ठेवा, आणि तोंड बंद ठेवा

इथं मी सपशेल चुकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या पहिल्या ॲपमध्ये प्रश्न आणि खाली चार पर्याय होते. चुकलं की लाल, बरोबर आलं की हिरवं आणि टाळ्या. मुलांना भलतं आवडलं. सगळ्यांना दहापैकी दहा. आम्ही खुशीत ते पाठवूनही दिलं. चार दिवसांनी सहज म्हणून तेच प्रश्न मी कागदावर दिले, तर उत्तरं जुनीच. ४२ फूट ६ इंच म्हणजे ४२.६. मुलं विचार करतच नव्हती. लाल दिसलं की पुढचा पर्याय, परत लाल की त्याच्या पुढचा, हिरवं येईपर्यंत. आणि मी शेजारी बसून ‘नीट वाच की रे’ म्हणत होतो, त्यामुळे उरलेली उत्तरं माझ्या तोंडावरूनच ओळखत होती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. एका वेळी एकच मूल. फोन त्याच्या हातात, आपण मागे, वही घेऊन. सांगायचं एवढंच, ‘तू काय करतोयस ते मोठ्यानं बोलत कर.’ मूल अडलं, वैतागलं, ‘सर, ह्येचं काय करायचं?’ म्हणालं, तरी उत्तर द्यायचं नाही. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच. फार जड जातं हे, शिक्षकाला तर जास्तच. पण जिथं तुमची जीभ वळवळते, नेमकं तिथंच ॲप कच्चं आहे. ती जागा वहीत लिहा. पाच-सहा मुलं झाली की त्याच त्या जागा पुन्हा येऊ लागतात. त्या दुरुस्त करा आणि दुसरी मुलं घ्या. तीच मुलं पुन्हा बसवाल तर त्यांना ॲप पाठ झालेलं असतं.

या बघण्यातून आम्ही पर्याय काढूनच टाकले. आता पडद्यावर पाणी मोजायची पट्टी आहे आणि मूल बोटानं पातळी सरकवतं. ४२ फूट ६ इंच सांगितल्यावर ते अर्ध्याच्या जरा वर थांबलं, की ॲप ‘चूक’ म्हणत नाही. त्या फुटाचे बारा भाग उलगडून दाखवतं, मुलानं लावलेली खूण तशीच ठेवतं आणि इंच मोजायला लावतं. गुणांसाठी पहिलंच उत्तर धरायचं, तेही टायनीडीबीत, म्हणजे ॲप इन्व्हेंटरच्या फोनमधल्या साठवणीत, ठेवायचं, म्हणजे कोण कुठं अडलं ते नंतर बघता येतं.

प्रश्न निवडताना आणखी एक जपा. ‘४२ फूट ९ इंच मोठं की ४२ फूट १० इंच?’ हा प्रश्न आम्ही काढून टाकला. नऊपेक्षा दहा मोठे, एवढ्यावर मूल बरोबर उत्तर देतं आणि चूक झाकली जाते. चुकीच्या विचारानं बरोबर उत्तर येत असेल तर तो प्रश्न निकामी. प्रत्येक प्रश्न चुकणाऱ्या मुलाच्या डोक्यानं एकदा सोडवून बघा.

परीक्षकांना हे सगळं दाखवा. पहिली आवृत्ती, मुलं कुठं अडली, त्यावरून काय बदललं. रंगीबेरंगी स्लाइडपेक्षा ती वही माझ्या मते कितीतरी मोलाची.

उरलेलं

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर फोनवर कचरा होऊन दिसतो. सेमी इंग्रजीची मुलं वापरणार असतील तर अंकांना दोन्ही लिप्यांची सोय ठेवा. मराठी वाचून दाखवायचं असेल तर आवाज स्वतः रेकॉर्ड करा, कारण मराठी आवाज प्रत्येक फोनवर बसवलेला असेलच असं नाही. इंटरनेट बंद करून चालवा, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर चालवा, भर उन्हात अंगणात उभं राहून चालवा.

व्हिडिओत मुलाचा हात आणि पडदा एवढंच घ्या. चेहरा दाखवायचाच असेल तर आई-वडिलांची लेखी परवानगी हवी. प्रकल्पाची एआयए फाइल, म्हणजे ज्यात पुढे बदल करता येतात ती मूळ फाइल, दोन ठिकाणी जपून ठेवा. एपीके, म्हणजे फोनवर बसवायची तयार फाइल, मात्र ज्याच्या फोनवर तुमचं ॲप कधीच नव्हतं अशा माणसाच्या फोनवर टाका, त्यालाच उघडायला सांगा, आणि ते उघडलेलं डोळ्यांनी बघितल्यावरच पाठवा.