सीरममधले मिर-१२२ मोजण्याआधी: फॅटी लिव्हरवर काम सुरू करणाऱ्या जेआरएफसाठी

फॅटी लिव्हर आणि नॉनकोडिंग आरएनए असा विषय घेतला की हाती पहिले येते ते मिर-१२२ (miR-122), एक मायक्रोआरएनए, म्हणजे प्रथिन न बनवता इतर जनुकांना दाबणारा छोटा आरएनए. यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के हेच असते. पहिला गोंधळही इथेच होतो. रुग्णाच्या सीरममध्ये ते वाढलेले दिसते, पण बायोप्सीत बऱ्याचदा घटलेले असते. सीरममधला साठा मुख्यतः दुखावलेल्या पेशींतून बाहेर पडलेला असतो, एएलटी या यकृताच्या एन्झाइमसारखाच. म्हणून प्रत्येक सॅम्पलचे एएलटी नोंदवा. ते हिशेबात धरल्यावर मिर-१२२ नवे काहीच सांगत नसेल, तर तुमच्याकडे बायोमार्कर नाही, महागडे एएलटी आहे.

खरे नुकसान होते ते रक्त घेताना. हेपरिनची नळी नकोच. हेपरिन क्यूपीसीआर (आरएनए मोजण्याची अभिक्रिया) अडवते. ईडीटीए प्लाझ्मा घ्या किंवा सीरम, पण एका अभ्यासात दोन्ही मिसळू नका. प्लाझ्मा असेल तर २,००० जीवर १० मिनिटे फिरवून वरचा भाग नव्या नळीत घ्या, तो पुन्हा १२,००० जीवर १० मिनिटे फिरवा (नाहीतर प्लेटलेट्समधला आरएनए मोजाल), आणि २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांत ठेवा.

मग हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणे. लाल पेशींत मिर-४५१ए आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. ४१४ नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचे वाचन ०.२ च्या वर गेले की सॅम्पल बाद, हा नेहमीचा नियम. पण आपल्या रुग्णांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असतात आणि दुधाळ सीरम हेच वाचन उगाच वर नेते. म्हणून रक्त उपाशीपोटी घ्या आणि मिर-२३ए-३पीच्या सीटीतून (संकेत दिसू लागतो ते क्यूपीसीआरचे चक्र) मिर-४५१एचा सीटी वजा करून पाहा. फरक ७ च्या वर असेल तर ते सॅम्पल वापरू नका.

आरएनए काढताना सेल-मिर-३९ (किती आरएनए हाती लागला हे तपासायला बाहेरून मिसळायचा मायक्रोआरएनए) लायसिस बफरनंतरच घाला. आधी घातले तर सीरममधले आरएनएज (आरएनए तोडणारी एन्झाइम) ते खाऊन टाकतात. एरवीच्या आरएनए किटमध्ये छोटे तुकडे कॉलमवर टिकत नाहीत, त्यामुळे मायक्रोआरएनएचे किट आणि दीडपट इथेनॉल. नॅनोड्रॉपच्या आकड्यावर विसंबू नका, इतका कमी आरएनए त्याला नीट मोजता येत नाही. प्रत्येक सॅम्पलसाठी सीरमचे आकारमान सारखे ठेवा. नॉर्मलायझेशनला (सॅम्पल एकमेकांशी तुलनेजोगी करायला) यू६ हा संदर्भ आरएनए नको, ते सीरममध्ये स्थिर नसते. मिर-१६ का नको, हे वर आलेच.

पेशींच्या प्रयोगात ओलिएट-पामिटेट ही फॅटी ॲसिडे २:१, एकूण १ मिलिमोलर, २४ तास. कंट्रोलला फॅटी ॲसिडविना तेवढेच बीएसए (फॅटी ॲसिड वाहून नेणारे प्रथिन). पामिटेट थंड झाले की गोठते आणि पांढरे कण दिसतात. तसे मीडियममध्ये घालू नका, कोमट करा. नुसते पामिटेट पेशी मारते, मग दिसणारा बदल चरबीचा की मरणाचा हे ठरत नाही. हेपजी२ या यकृतपेशींमध्ये मिर-१२२ जवळपास नसतेच, त्यामुळे तिथे ते दाबून काही दिसणार नाही. दाबायचे असेल तर हुह७ (Huh7) पेशी घ्या.

टार्गेट (मायक्रोआरएनए ज्याला दाबते ते जनुक) सॉफ्टवेअरने सुचवले म्हणजे सिद्ध झाले नाही. ल्युसिफरेज रिपोर्टर (टार्गेटचा तुकडा जोडलेले, उजेड देणारे जनुक) लागतो आणि सोबत सीड (मायक्रोआरएनएचे २ ते ८ क्रमांकाचे न्यूक्लिओटाइड) जिथे जुळते ती जागा बदललेला दुसराही. पद्धत बसवताना मिर-३४ए आणि त्याचे टार्गेट सर्ट१ ही जोडी घ्या. मिर-३३बी उंदरांत नसतेच, ते हवे असेल तर मानवी पेशीच. मॅलॅट१ सारखे लांब आरएनए केंद्रकात राहतात. तिथे एसआयआरएनएपेक्षा गॅपमर बरे (दोन्ही आरएनए दाबायची साधने), आणि डीएनएज देऊन आरटीविना (आरएनएपासून डीएनए बनवणारे एन्झाइम न घालता) कंट्रोल लावल्याशिवाय आकडा मानू नका.

कंट्रोल निवडताना केवळ वजनावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेली बारीक पण चरबी जास्त अशी ठेवण आपल्याकडे सर्रास आढळते. यकृतात चरबी कमी असली की सोनोग्राफी ती चुकवते, तेव्हा शक्य असेल तिथे कंट्रोलचेही फायब्रोस्कॅन (यकृतातली चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या. २०२३ पासून आजाराचे नाव (आधीचे एनएएफएलडी) एमएएसएलडी झाले आहे आणि त्यात चयापचयाचा किमान एक धोका असावा लागतो. रुग्ण कोणत्या व्याख्येने घेतले, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहा.