दुसरं पाऊल: कॉलेज फुटबॉलच्या ऑफेन्सिव्ह लाईनमधली माझी पहिली तीन वर्षं

गेल्या वर्षभरात दोन मराठी घरांतून मला फोन आले, एक टेक्ससमधून आणि एक न्यू जर्सीतून. दोन्हीकडे मुलगा हायस्कूलच्या संघात ऑफेन्सिव्ह लाईनवर खेळतो आणि कॉलेजातही खेळायचं म्हणतो. आईवडिलांना अमेरिकन फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. दोघांचाही पहिला प्रश्न एकच होता: वजन किती हवं? मी म्हटलं, वजनाचं नंतर बघू, आधी त्याच्या पावलांचा व्हिडिओ पाठवा. तेव्हापासून हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं मनात होतं.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाच्या पुढच्या रांगेत पाच जण असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, कडेला टॅकल. सेंटरने पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, दिला की प्ले (एक डाव) सुरू. या पाचांनी समोरच्यांना अडवायचं, पळणाऱ्यासाठी वाट काढायची, फेकणाऱ्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे. त्यांचे नंबर ५० ते ७९ च्या दरम्यान असतात आणि नेहमीच्या रचनेत पुढे फेकलेला पास त्यांना झेलता येत नाही. चेंडू हातात घेण्यासाठी ज्याचा जीव तळमळतो, त्याने दुसरी जागा शोधावी. हे मी मनापासून सांगतो, कारण अशी मुलं वर्षभरात कष्टी होऊन सोडून गेलेली पाहिली आहेत.

मी इस्लामपूरचा. शाळेत कबड्डीत कोपऱ्यात उभा राहायचो. अकराव्या वर्षी आम्ही ओहायोत आलो, हायस्कूलमध्ये उंची बघून प्रशिक्षकांनी टॅकलला उभं केलं. २०१८ मध्ये एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात मी वॉक-ऑन म्हणून दाखल झालो. वॉक-ऑन म्हणजे संघात जागा आहे, पण शिष्यवृत्ती नाही. आमचा संघ एफसीएस या, डिव्हिजन एकमधल्या दुसऱ्या गटातला होता. त्या वेळी सर्वांत वरच्या एफबीएस गटात संघाला ८५ शिष्यवृत्त्या असायच्या. एफसीएसमध्ये ६३ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम, तीही अनेकांत वाटलेली. सर्वांत खालच्या डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, आणि हार्वर्ड-प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये आहेत तिथेही नसते. पण म्हणून डिव्हिजन तीनला कमी लेखू नका. लाईनमन अली मार्पेट होबार्टसारख्या छोट्या कॉलेजातून २०१५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत दुसऱ्या फेरीत निवडला गेला. आणि ज्याचं नाव आज प्रत्येक सेंटर घेतो तो जेसन केल्सी सिनसिनाटीत वॉक-ऑन म्हणूनच आला होता, तोही लाईनमध्ये नव्हे. लाईनवर तो नंतर गेला.

पहिल्याच आठवड्यात आमच्या लाईनच्या प्रशिक्षकांनी माझी जागा बदलली. हायस्कूलमध्ये सहा फूट दोन इंच ही टॅकलची उंची ठरते, कॉलेजात ती गार्ड-सेंटरची होते. कडेने फेकणाऱ्यावर धावून येणारे चपळ पास-रशर थोपवायला लांब हात लागतात आणि माझे तेवढे नव्हते. मला वाईट वाटलं होतं. आज नवख्यांना सांगेन की जागा बदलली तर तो अपमान समजू नका. ज्याला तीन जागा येतात तो प्रवासाच्या यादीत आधी जातो, कारण बाहेरगावच्या सामन्याला न्यायची राखीव माणसं मोजकीच असतात.

आता पावलांबद्दल, कारण सगळं तिथेच आहे. रन-ब्लॉक करताना, म्हणजे पळणाऱ्यासाठी वाट काढताना, पहिलं पाऊल अगदी छोटं असतं, वीतभरसुद्धा नाही. ते फक्त दिशा देतं. खरी मेख दुसऱ्या पावलात. ते जमिनीवर टेकेपर्यंत समोरच्याशी धडक झाली, तर तुम्ही एका पायावर असता आणि तो दोन्ही पायांवर. मग तुमचं वजन १३० किलो असो की १५०, तुम्ही मागे जाता. हायस्कूलमध्ये मी समोरच्यापेक्षा वीस किलोंनी जड असायचो, त्यामुळे ही चूक कधी उघडी पडली नाही. कॉलेजच्या पहिल्या सरावात सिनियर नोज टॅकलने (डिफेन्सच्या मधोमध, सेंटरसमोर उभा राहणारा) मला सलग चार वेळा क्वार्टरबॅकच्या अंगावर नेऊन आदळलं. पाचव्या वेळी प्रशिक्षकांनी मला थांबवलं, बुटाच्या टोकाने गवतावर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "आज हातांचा विचार करू नकोस. पावलं या दोन रेघांवर टाक." पुढचे तीन आठवडे सराव संपल्यावर मी रोज पन्नास वेळा तेवढंच केलं, समोर कुणी नसताना.

पास-ब्लॉक करताना, म्हणजे फेकणाऱ्याला वाचवताना, गोष्ट उलटी होते. तिथे मागे सरकत जायचं असतं. कंबर खाली, पाठ सरळ, बाहेरचा पाय मागे, आतल्या पायावर भार, पाय एकमेकांना कधी ओलांडायचे नाहीत. कपाळ पुढे नेलं की संपलं. हात आतल्या बाजूने छातीवर, अंगठे वर. समोरच्याच्या खांद्याबाहेर जर्सी पकडली आणि तो सुटायला लागला की पंच होल्डिंग देतात, म्हणजे दहा यार्ड मागे. चेंडू सुटण्याआधी हललात तर फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड. लाईनमनचं नाव लाउडस्पीकरवर बहुधा अशाच वेळी येतं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. कबड्डीत साखळी धरलेली असते तेव्हा शेजाऱ्याचा हात हातात असतो, तो कधी झेप घेणार हे मनगटातून कळतं. लाईनमध्ये हात धरता येत नाही. सेंटर आणि गार्ड मिळून एकाला उचलतात आणि मग दोघांपैकी एकजण सुटून लाईनबॅकरवर, म्हणजे डिफेन्सच्या मागच्या रांगेतल्या खेळाडूवर, जातो. कोण जाणार, हे लाईनबॅकर कुठे पळतो त्यावर त्या अर्ध्या सेकंदात ठरतं. प्रशिक्षक म्हणतात, चार हात खालच्या माणसावर, चार डोळे लाईनबॅकरवर. माझ्या डावीकडच्या गार्डचं कोपर बरगडीला किती जोरात लागतं त्यावरून तो राहतोय की निघतोय हे मला कळायला लागलं, पण त्याला पूर्ण वर्ष गेलं. त्या मुलाबरोबर मी जेवायला बसायचो, सामन्यांची फिल्म बघायचो, लायब्ररीत जायचो. ही मैत्री वरवरची नसते, आणि नवख्याने ती पहिल्या आठवड्यापासून जोडावी. सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाईनसाठी २०१५ पासून जो मूर अवॉर्ड दिला जातो, तो एका खेळाडूला नव्हे तर अख्ख्या लाईनला मिळतो. मला तो सगळ्यात योग्य पुरस्कार वाटतो.

पहिलं वर्ष मी रेडशर्ट होतो. म्हणजे संघात राहायचं, सराव करायचा, पण खेळण्याच्या चार हंगामांतला एक खर्च करायचा नाही. त्याच वर्षी नियम बदलून चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी रेडशर्ट टिकू लागलं होतं. मी एकही खेळलो नाही. मी होतो स्काउट टीममध्ये. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांचे प्ले कार्डवर काढलेले असतात, ते बघून आपल्याच पहिल्या फळीच्या डिफेन्ससमोर उभं राहायचं. रोज मार खायचा. बरीच मुलं इथे मन काढून घेतात. पण मला संघातले सर्वांत चांगले डिफेन्सिव्ह लाईनमन आठवड्यातून तीन दिवस समोर मिळत होते. शनिवारी बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या फळीच्या मुलालाही ते मिळत नव्हते. जे काही शिकलो ते तिथे.

वजनाबाबत माझी मोठी चूक झाली. आलो तेव्हा ११२ किलो होतो. १३० सांगितलं होतं, मुदत दोन वर्षांची. मी घाईने तीन महिन्यांत नऊ किलो वाढवले, तेही मिल्कशेक आणि पिझ्झावर. परिणाम सरळ दिसला: दुसरं पाऊल उशिरा पडायला लागलं. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं पुन्हा बसवलं. सकाळी अंडी, ओट्स, दूध. दोन तासांनी काहीतरी. सरावाआधी भात आणि चिकन. झोपण्यापूर्वी दही किंवा पनीर. २०१४ पासून डिव्हिजन एकची विद्यापीठं वॉक-ऑनलाही हवं तितकं जेवण देऊ शकतात, पण कुठे किती मिळतं हे प्रवेशाआधी विचारा. घरी वरणभात-तूप, उसळी, अंडाकरी होत असेल तर खुराकाची अडचण पडत नाही. पूर्ण शाकाहारी मुलालाही जमतं, मात्र प्रथिनांचा हिशोब रोज करावा लागतो.

उन्हाचं गंभीरपणे सांगतो. मी कॉलेजात जाण्याच्या दोन महिने आधी मेरीलँड विद्यापीठाचा ऑफेन्सिव्ह लाईनमन जॉर्डन मॅकनेर वारला. वय १९. २९ मे २०१८ च्या व्यायामात त्याला उष्माघात झाला, १३ जूनला तो गेला. थंड पाण्याच्या टबात त्याला बुडवलं गेलं नव्हतं, हे नंतर चौकशीत समोर आलं. जड शरीर उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे लाईनमनला धोका जास्त. कॉलेज बघायला जाल तेव्हा सरावाच्या मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचा टब आहे का, हे पालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. आणि एक चाचणी: खेळाडू सिकलसेलचा वाहक आहे का, हे एनसीएए (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) तपासायला लावते, कारण वाहकाला अति श्रमात धोका असतो. विदर्भ किंवा नंदुरबारकडची मुळं असलेल्या घरांना हा शब्द नवा नाही. निकाल लपवू नका. वाहक असूनही खेळता येतं, फक्त व्यायामाची चाल सांभाळावी लागते.

लपवण्याची चूक मीही केली. दुसऱ्या वर्षी एका सरावात डोक्याला मार बसला, दिवे डोळ्यांत खुपायला लागले. मी तीन दिवस कुणाला बोललो नाही, कारण डेप्थ चार्टवर, म्हणजे कोण आधी खेळणार त्या यादीत, नुकताच दुसऱ्या फळीत आलो होतो. चौथ्या दिवशी वर्गात फळा वाचता येईना, तेव्हा शेजारच्या गार्डने मला हाताला धरून दुखापती बघणाऱ्या ट्रेनरकडे नेलं. दोन आठवडे बाहेर बसलो. लगेच सांगितलं असतं तर कदाचित लवकर परतलो असतो, आणि त्या तीन दिवसांत दुसरा मार बसला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

दिवसाचं गणित असं: हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा आणि एक दिवस सुट्टी. सामन्याचा दिवस तीन तासच धरला जातो. पण उपचार, प्रवास, स्वतःहून बघितलेली फिल्म हे त्या वीस तासांत नसतं. पहाटे साडेपाचला वजनं उचलणं, दुपारपर्यंत वर्ग, दोनला मीटिंग, साडेतीनला सराव, रात्री अभ्यास. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळा बहुधा दुपारीच असतात आणि सरावावर येतात, म्हणून मी त्या वसंताच्या सत्रात घेतल्या. विषय बदलायचा तर लवकर बदला: डिव्हिजन एकमध्ये तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण लागतो, आणि उशिरा विषय बदलला की आधीचे बरेच क्रेडिट त्यात धरले जात नाहीत. हायस्कूलच्या मुलांनी, कॉलेजात खेळायला पात्र ठरण्यासाठी लागणाऱ्या १६ कोअर विषयांची यादी नववीतच बघून ठेवावी.

पैशांचं चित्र माझ्या वेळेपेक्षा बदललं आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. तुमचा मुलगा एफ-१ व्हिसावर असेल तर मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आणि वकील यांना विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका. त्या व्हिसावर कमाईला कडक बंधनं आहेत. खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे मोठ्या संघांत वॉक-ऑनच्या जागा आटल्या. आज मी बारावीत असतो तर एफसीएस, डिव्हिजन दोन आणि तीनच्या प्रशिक्षकांना आधी लिहिलं असतं. व्हिडिओ चार मिनिटांचा, पहिल्या पाच प्लेमध्ये दोन पास-ब्लॉक, आणि समोरच्याला आडवं पाडलेल्या प्लेइतकेच पाय नीट दिसणारे प्ले.

२०२० च्या शरदात आमचा हंगाम झाला नाही. तो २०२१ च्या वसंतात झाला आणि पहिल्याच सामन्यात सेंटरला दुखापत असल्यामुळे मी सुरुवातीपासून उतरलो. सेंटरला चेंडू मागे देण्याआधी समोरची रचना वाचून मधला लाईनबॅकर कोण ते ओरडून सांगावं लागतं, त्यावर पाचही जणांची कामं ठरतात. पहिल्या प्लेला माझा आवाज फुटेना. डाव्या गार्डने तो नंबर माझ्याआधी ओरडून सांगितला. मग सुरळीत झालं. आम्ही हरलो, तीन गुणांनी.

रविवारी फिल्म. लाईनमध्ये प्रत्येक प्लेला अधिक किंवा उणे मिळतो. माझे ६१ प्ले होते, ४९ अधिक, १२ उणे. प्रशिक्षकांनी ते बारा एकापाठोपाठ एक, हळू गतीने, दोनदा लावले. बारापैकी नऊंमध्ये दुसरं पाऊल अजून हवेत होतं.