केअर प्लॅनच्या आधी बाणांचा कागद

नर्सिंगचे विद्यार्थी केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा) जुन्या वहीतून उतरवतात आणि समोरचा पेशंट नजरेतून सुटतो. त्याआधी दहा मिनिटं कोऱ्या कागदावर नकाशा काढायला लावा.

१. मधोमध पेशंटचा आजार, समजा हार्ट फेल्युअर.
२. भोवती तक्रारी, रिपोर्ट, औषधं.
३. बाण जोडा आणि प्रत्येक बाणावर 'का' ते लिहा. खरं काम इथेच होतं. फ्युरोसेमाइड या औषधाने लघवी वाढते, पोटॅशियम घटतं. ते घटलं की डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या विषबाधेचा धोका वाढतो. हा बाण स्वतः शोधलेली मुलगी डिगॉक्सिन देण्याआधी पूर्ण मिनिटभर एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलेले हृदयाचे ठोके) मोजायला विसरत नाही, हे मी वॉर्डात पाहिलंय.

खाडाखोड झाली तरी चालेल. कागदावर पेशंटचं नाव मात्र लिहू देऊ नका.