एसएस पाइपचं पर्जिंग: नुसता गॅस सोडून भागत नाही, या चुका टाळा

स्टेनलेस स्टीलचा (एसएस) पाइप वेल्ड करताना जॉइंटच्या आतली हवा आर्गन गॅसनं बाहेर काढायची, हे पर्जिंग. 'पर्जिंग केलंच पाहिजे का?' हा प्रश्न बहुतेक वेळा आर्गनच्या बिलावरून निघतो. खरं तर पाइपमधून काय जाणार आहे, यावरून तो सुटतो. जिन्याचा कठडा, गेट, टेबलाचं स्टँड यांना पर्जिंगची गरज नाही. पण लाइन दुधाची, औषधाची किंवा ॲसिडची असेल आणि रूट (जॉइंटच्या तळाचा पहिला वेल्ड) आतपर्यंत उतरवायचा असेल, तर पर्जिंगला पर्याय नाही. डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीत) बॅकिंग गॅस, म्हणजे मागच्या बाजूचा गॅस, लिहिलेला असेल तर वादच संपला.

स्टेनलेस टिकतं ते क्रोमियममुळे. रूट वितळलेला असताना मागून हवा लागली की तेच क्रोमियम जळतं आणि आत काळी, खरखरीत, पोपडे आलेली शिवण तयार होते. शॉपमध्ये याला शुगरिंग म्हणतात. गंमत अशी की बाहेरून जॉइंट चकाचक दिसतो आणि हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी) पास होते. त्रास नंतर सुरू होतो. डेअरीच्या लाइनमध्ये त्या खाचांत दूध अडकतं आणि सीआयपीचं (लाइन न उघडता आतून धुण्याचं) कॉस्टिक तिथे नीट पोचत नाही. केमिकल लाइनमध्ये पिटिंगची (गंजून खड्डे पडण्याची) सुरुवात तिथूनच होते. बाहेरच्या बाजूला काळं काढणारी पिकलिंग पेस्ट लावता येते, पण पाइपच्या आत तीन मीटरवर कोणाचा हात पोचणार?

काडी विझली म्हणजे पर्ज झाला?

ही सगळ्यात महागडी समजूत. व्हेंटजवळ (हवा बाहेर पडायच्या भोकाजवळ) पेटती काडी धरायची, विझली की 'चल, मार आर्क'. पण ज्योत विझते तेव्हाही आत दहा टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असू शकतो, म्हणजे एक लाख पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर. आपल्याला हवा असतो ५० ते १०० पीपीएम. टाकीत उतरण्याआधी वापरतात तो सेफ्टीचा गॅस मीटरही इथे कामाचा नाही. त्याची सगळ्यात छोटी पायरी ०.१ टक्का, म्हणजे हजार पीपीएम. इतका कमी ऑक्सिजन मोजायला पर्ज मॉनिटरच लागतो. तो नसेल तर त्याच सेटिंगवर एक तुकडा जोडा, कापा आणि आतला रंग बघा. एक तुकडा वाया गेला तरी परवडतो.

फ्लो वाढवून वेळ वाचत नाही

घाईत फ्लोमीटर मिनिटाला २५-३० लिटरवर नेतात. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे. हळू सोडला तर तो तळापासून भरत येतो आणि हवा वरून बाहेर ढकलतो. जोरात सोडला की दोन्ही घुसळून निघतात आणि पर्ज उलट लांबतो. म्हणून गॅस खालून आत घ्या आणि व्हेंट वर ठेवा. आडव्या पाइपलाही हाच नियम.

वेळ खरा वाचतो तो डॅममुळे, म्हणजे पाइपच्या आत लावलेल्या आडोशामुळे. ४ इंची शेड्यूल १० (पातळ भिंतीच्या) पाइपमध्ये मीटरला साधारण ९ लिटर जागा असते. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना ३०० मिलिमीटरवर डॅम लावले तर मध्ये साडेपाच लिटर उरतात. हवा पाच-सहा वेळा बदलायची म्हटलं तर ३० लिटर गॅस, १० च्या फ्लोवर तीन मिनिटं. डॅम न लावता सहा मीटरचा अख्खा पाइप भरायचा तर तोच हिशेब अर्ध्या तासावर जातो. हे गणित एकदा करून दाखवलं की 'पर्जिंग परवडत नाही' म्हणणारा मालकही गप्प होतो.

डॅम पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचा घ्या, तो हायड्रोच्या पाण्याबरोबर निघून जातो. चिंध्या किंवा फोमचे बोळे कोंबू नका. एखादा आत राहतोच आणि पुढे पंपाच्या स्ट्रेनरमध्ये सापडतो.

काळं कुठे आहे ते बघा

रूट चंदेरी किंवा फिकट पिवळा असेल तर उत्तम. निळा-जांभळा म्हणजे ऑक्सिजन राहिला होता, आणि डेअरी-फार्माच्या कामात तो बहुधा रिजेक्ट होतो. करडा-काळा आणि हाताला खरखरीत लागला, तर संपलंच. पण रंगापेक्षा त्याची जागा जास्त सांगते.

पूर्ण गोलाईवर एकसारखं काळं असेल तर पर्जला वेळ कमी दिला, किंवा नळी कुठेतरी हवा ओढते आहे. साबणाच्या पाण्यानं जोड तपासा. फक्त वरच्या बाजूला असेल तर व्हेंट खाली राहिला. फक्त टॅकच्या (पाइप धरून ठेवणाऱ्या छोट्या टाक्यांच्या) जागी ठिपके असतील तर टॅक बिनापर्जचे मारले. हे फार दिसतं, कारण टॅक फिटर मारतो आणि पर्ज वेल्डर आल्यावर सुरू होतो. सुरुवात चांगली आणि शेवट काळा असेल तर जॉइंटच्या गॅपवर गॅस धरून ठेवायला लावलेली टेप एकदम काढली. पुढे जाल तशी दोन-दोन इंचच उघडा. रूटनंतर बघितला तेव्हा चांगला होता आणि नंतर काळा पडला, तर हॉट पासच्या (रूटवरच्या दुसऱ्या थराच्या) आधीच आर्गन बंद केला. साधारण ६ मिलिमीटर मेटल भरेपर्यंत गॅस चालू हवा.

शेवटच्या इंचाला फ्लो ३ ते ५ लिटरवर आणा आणि व्हेंट मोकळा आहे ना ते बघा. नाहीतर आतल्या दाबानं वितळलेलं मेटल बाहेर ढकललं जातं. रूट खोलगट राहतो किंवा सरळ भोक पडतं.

टाय-इन (आधीच बसलेल्या दोन लाइन जोडणाऱ्या) जॉइंटसारख्या जागी पर्ज करणं शक्यच नसेल, तर फ्लक्सवाली टिग रॉड मिळते. पण तिचा स्लॅग (फ्लक्सचा कडक थर) आत राहतो, म्हणून दूध आणि औषधाच्या लाइनला ती चालत नाही.

मोठ्या पाइपचा डॅम काढताना डोकं आत घालू नका. आर्गनला वास नाही, रंग नाही, आणि तो खालीच साचतो, श्वास कोंडेल. आधी ब्लोअर लावा. सेफ्टीचा मीटर खरा कामाला येतो तो इथे.

आणि रूट काळा निघाला तर वरून आणखी एक पास ओढून तो सुधारत नाही. जॉइंट कापायचा, नवीन बेव्हल (तिरपी कड) करायचा, पुन्हा भरायचा.